सहा होज आणि रिदाच्या चिठ्ठ्या

कल्पना करा, तुमच्या निम्म्या वर्गाएवढं एक यंत्र तुमच्यासमोर उभं आहे. पिवळा रंग उन्हानं विटलेला, चाकांच्या जागी लोखंडी पट्ट्यांची साखळी, आणि पुढे माणसाच्या छातीपर्यंत येणारं पोलादी पातं. आता आणखी जवळ जा. इंजिन बंद आहे, घाबरू नका. सीटखाली वाकून बघा. मनगटाएवढ्या जाड, काळ्या रबरी नळ्या दिसतात ना? त्यांना होज म्हणतात. त्यांच्यातून तेल जोरानं धावतं, आणि त्या जोरावर ते भलंमोठं पातं वर-खाली होतं. या जुन्या डोझरच्या सहाही होजना भेगा पडल्या होत्या. नुसतं बोट फिरवलं तरी काळी भुकटी हाताला लागायची.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीमागे इसाकभाईंचं गॅरेज आहे. तिथे फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी रिदा अशीच वाकून बघत होती. रिदा अकरा वर्षांची, इसाकभाईंच्या मुलीची मुलगी. ती त्यांना नाना म्हणायची.

डोझरचा मालक महेश, तरुण ठेकेदार, बाजूला उभा होता. त्यानं जरा चाचरतच विषय काढला.

“इसाकभाई, राग मानू नका. उद्या सकाळी मशीन ओझरला जायचीय, शाळेचं मैदान सपाट करायला. तुम्हाला हल्ली चष्म्यातूनही नीट दिसत नाही म्हणतात. नाशिकहून दुसरा मिस्त्री बोलावू का?”

इसाकभाईंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. चाळीस वर्षांत त्यांनी जोडलेलं यंत्र कुणाला पुन्हा उघडावं लागलं नव्हतं, हे सगळ्या सिन्नरला ठाऊक होतं.

“संध्याकाळपर्यंत थांब,” ते म्हणाले. “मी लावलेलं उघडायची वेळ आली, तर तुझ्या सगळ्या मशिनी त्याच्याकडेच ने. माझी काही तक्रार नाही. आणि डोळ्यांचं म्हणशील, तर माझे डोळे ही पोरगी आहे.”

रिदाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तिचं काम चिठ्ठ्यांचं होतं. कोणताही होज सोडण्याआधी त्याला आकड्याची एक चिठ्ठी बांधायची, आणि तो ज्या तोंडावर बसलाय तिथेही तोच आकडा लावायचा. नवा होज जुन्याच्या मापानं बनून आला की जुन्याची चिठ्ठी त्याच्यावर चढवायची. मग नाना आकड्याला आकडा जुळवून होज बसवणार. त्यांचा नियम एकच होता: जसं होतं, तसंच परत बसवायचं.

“माझ्या बी गळ्यात एक चिठ्ठी बांध, पोरी,” डोझर चालवणारे पुंजाकाका म्हणाले. “त्याच्यावर पुंजा असं लिही. म्हंजी घरी गेल्यावर आमच्या उज्ज्वलाच्या आईला कळंल, मला कुठं ठिवायचं ते.”

“तुम्हाला बसवायला पाना लागेल, काका,” रिदा म्हणाली, आणि इसाकभाईंनाही हसू आलं.

पातं दोन लाकडी ओंडक्यांवर टेकवलेलं होतं. इंजिन बंद करून नानांनी पुंजाकाकांना पातं हलवायचा खटका दोन-चार वेळा पुढे-मागे करायला लावला. “आत अडकलेला जोर आधी सोडायचा, बेटा, मगच पाना लावायचा. नाहीतर तेल पिचकारीसारखं उडतं आणि कातडी फाडून आत शिरतं.”

सीटखाली खटक्याची पेटी होती. तिच्यावर वर्षानुवर्षांचा चिखल थापलेला. रिदानं डिझेलमध्ये ब्रश बुडवून तो घासला, आणि लोखंडात कोरलेले दोन बाण दिसू लागले. एका तोंडाशी वरचा बाण, दुसऱ्याशी खालचा. वरच्या बाणाच्या होजवरून बोट फिरवत, तो कुठे जातो ते ती बघत गेली. पातं उचलणाऱ्या जॅकमध्ये, म्हणजे दांडा आत-बाहेर सरकवणाऱ्या नळकांड्यात, खालच्या तोंडातून तेल गेलं की दांडा आत ओढला जातो आणि पातं वर येतं, हे नानांनीच तिला शिकवलं होतं. पण वरच्या बाणाचा होज जॅकच्या वरच्या तोंडात गेला होता. दोन होज एकमेकांच्या जागी बसले होते.

तिनं पुन्हा तपासलं. तिसऱ्यांदाही तपासलं. चूकच होती ती, कुणाची तरी जुनी चूक.

नानांना सांगावं म्हणून ती वळली, पण ते महेशशी बोलत होते. तिला वाटलं, आपण गुपचूप नीट केलं तर पातं कसं झकास चालेल, आणि मग सगळ्यांना सांगता येईल की हे मी शोधलं. त्या दोन होजच्या, पेटीच्या तोंडांवर लावलेल्या तीन आणि चार नंबरच्या चिठ्ठ्या तिनं आपसात बदलून टाकल्या.

दुपारपर्यंत नवे होज बनून आले. नानांनी एकेक तोंड फडक्यानं स्वच्छ केलं, आकडे जुळवले, आटे हातानं फिरवून मग पाना लावला. कुठे पीळ पडला नाही, कुठे लोखंडाला घासत नाही, हे हात फिरवून पाहिलं. त्यांच्या हातांना चष्मा लागत नव्हता.

मग त्यांनी सगळ्यांना वीस पावलं मागे पाठवलं. पुंजाकाका सीटवर चढले. इंजिन धडधडलं.

“घ्या वर,” नाना म्हणाले.

पुंजाकाकांनी खटका ओढला. पातं वर आलंच नाही. ते खाली दाबलं गेलं आणि डोझरचंच नाक हवेत उचललं गेलं. एक ओंडका कडकन फुटला. पुंजाकाकांनी गडबडून इंजिन बंद केलं.

इसाकभाई हळूहळू पुढे आले, पेटीपाशी वाकले आणि चिठ्ठ्या डोळ्यांजवळ धरून बघू लागले.

“आकडे तर जुळतायत,” ते पुटपुटले. मग सरळ उभे राहून महेशला म्हणाले, “माझीच काहीतरी चूक आहे. मला दिसलं नाही. बोलाव तुझा मिस्त्री.”

महेशनं खिशातून मोबाईल काढला. ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं.

“नाना, तुमची नाही,” ती म्हणाली. “चिठ्ठ्या मी बदलल्या. आधीचे होज उलटे होते. बाण आहेत तिथे, बघा ना.”

“बदलल्या? मला न विचारता?” नानांचा आवाज चढला नव्हता, पण रिदाला मान वर करवेना. तरी तिनं बाण दाखवले, होज दाखवला, जॅकचं तोंड दाखवलं. नानांनी अंगठ्यानं बाण चाचपले आणि बराच वेळ अंगठा तिथेच ठेवला.

“महेश, फोन ठेव,” ते म्हणाले. “होज बरोबर बसलेत. पुंजाभाऊ, मशीन तुम्ही चालवता, आता तुम्ही बोला.”

पुंजाकाका खाली उतरले आणि त्यांनी टोपी मागे सारली. “इगतपुरीकडं खाणीत होज फुटला व्हता. सोळा वर्सं झाली आसतील. घाईत उलटे बसले. दोन दिवस चुकलो, मंग खटका उलट्या बाजूला वढायला हातच तसा वळला; आज बी तसाच वढला. आता तर माझ्या ध्यानात बी नव्हतं.”

“मग होते तसे करा,” महेश म्हणाला. “काकांच्या हाताला जे बसलंय ते चालू द्या.”

इसाकभाईंनी पाना उचलला नाही. ते पुंजाकाकांकडे बघत राहिले. पुंजाकाका मात्र जमिनीकडे बघत होते.

“आमचा चंदर,” ते शेवटी म्हणाले, “माझा पुतण्या. पोरगा दुसऱ्या मशिनी गुमान चालवतो. ह्याच्यावर बसवला तर पातं गपकन खाली. मी चार लोकांत त्याला म्हणलो, तुला हातच नाय, तू शेरडं वळ. त्याचा हात बरोबर व्हता, इसाकभाई. माझाच उलटा. ऱ्हाऊ द्या आसंच. त्याला आज मीच सांगतो, आन् मी बी नव्यानं शिकतो.”

“साठीत?” महेशनं विचारलं.

“तुझ्या बापाला मशीन शिकवली ती म्याच. आता सोताला शिकवतो.”

इसाकभाई रिदाकडे वळले. “तू जे पाहिलंस ते चाळीस वर्षांच्या माझ्या नजरेला दिसलं नाही. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी गावभर सांगणार. पण न सांगता केलंस, म्हणून आज ओंडका फुटला. तिथे कुणाचा पाय असता तर? पाहिलंस की आधी बोलायचं. माझं चुकत असेल तर मलाही.”

“हो, नाना.”

“मोठ्यानं बोलायचं.”

“हो, नाना,” रिदा मोठ्यानं म्हणाली. मग त्याच आवाजात तिनं विचारलं, “काका चुकले तर त्यांना कोण सांगणार?”

पुंजाकाका पुन्हा सीटवर चढले. हात खटक्यावर ठेवून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, शाळेच्या पहिल्या दिवशी पोर बघतं तसं.

रिदा धावत गेली. वीस पावलं मोजून, काकांना दिसेल अशा बाजूला, ती मुरुमाच्या ढिगावर चढली. तिथून ‘वर’ची खूण म्हणून तिनं हात ताठ वर केला, आणि पातं ओंडक्यावरून उचललं जाईपर्यंत खाली घेतला नाही.