अल वकऱ्याच्या गौरीताई

दोह्यातल्या मराठी मंडळाच्या इंटरनेट रेडिओवर त्या शुक्रवारी दिवसभर नुसतं बोलणं होणार होतं. गाणं एकही वाजवायचं नाही, अशी श्याम दातारची सक्त ताकीद होती. सकाळी कलेवर गप्पा, दुपारी नाटक, संध्याकाळी चर्चा. स्टुडिओ म्हणजे दातारांची बेडरूम. खिडक्यांना रजया टांगलेल्या आणि घरघर माइकमध्ये येते म्हणून एसी बंद. महिना जूनचा. मंडळाचे अध्यक्ष रंगनाथ वेस्ट बेमधल्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. आज ते निवेदक होते आणि घामाने निथळत होते.

श्यामची बायको सरोज सकाळपासून चहा करत होती. चहा नेता-आणता तिच्या कानावर कलेवरच्या गप्पा पडल्या. तिघे जाणकार दोन तास एकमेकांशी सहमत होत होते.

नाटकाचा लेखक, दिग्दर्शक आणि नायक श्यामच. नायक इंडस्ट्रियल एरियातला वेल्डर. श्याम त्या भागात गाडीच्या दुरुस्तीपुरता जायचा, तोही गॅरेजच्या थंडगार वेटिंग रूमपर्यंत. त्याचा वेल्डर कंपनीच्या बसमध्ये, खोलीत, जेवणाच्या रांगेत, जिथे सापडेल तिथे मानवी अस्तित्वावर बोलत सुटायचा. सरोजकडे वेल्डरच्या गावाकडच्या बायकोचं काम होतं. तीन हुंदके आणि एक खोकला. वाक्य एकही नाही. "तुझं मौनच बोलतं," श्यामने तालमीत समजावलं होतं. नाशिकला कॉलेजात असताना एकांकिका गाजवलेल्या सरोजने शेवटी मुकाट्याने हुंदके दिले होते.

चर्चेच्या वेळी मात्र पंचाईत झाली. श्रोत्यांनी फोन करावेत असं रंगनाथ पुन्हा पुन्हा सांगत होते आणि फोन काही वाजत नव्हता. किती जण ऐकताहेत, असं श्यामने खुणेने विचारलं. लॅपटॉप सांभाळणारी श्याम-सरोजची मुलगी ईश्वरी हळूच म्हणाली, "व्हेरी फ्यू."

श्याम घाईघाईने स्वयंपाकघरात आला. "खाली गाडीत जा आणि तिथून फोन कर. तू शेजारच्या अल वकऱ्याची गौरी. नाटक ऐकून डोळे पाणावले, एवढंच म्हण. आवाज जरा बदल."

सरोज खाली गेली. गाडीचा एसी लावला आणि दिवसात पहिल्यांदा निवांत टेकून बसली. मग फोन लावला.

"नमस्कार, मी अल वकऱ्याहून गौरी बोलतेय. नाटक ऐकून डोळे पाणावले."

"वा," रंगनाथांना हायसं वाटलं. "नेमकं काय भावलं तुम्हाला?"

हे काही ठरलेलं नव्हतं. सरोजने गाडीचा एसी जरा वाढवला. "खरं सांगू?"

"अगदी मोकळेपणाने. श्रोते म्हणजे आमचे मायबाप."

"मग ऐका. त्या बायकोचं मला काही कळलं नाही. नवरा परदेशात, म्हणजे घर, सासू, पोरं सगळं तिच्याच गळ्यात. तो फोनवर एवढं तत्त्वज्ञान सांगतो आणि ती नुसती रडते? जेवलास का, एवढंही विचारत नाही? मी असते तर बडबड पुरे म्हटलं असतं."

बोलताना आवाज बदलायचं ती कधीच विसरली होती. रंगनाथांनी तिच्या तोंडून 'चहा घ्या'पलीकडे कधी काही ऐकलं नव्हतं; श्यामने मात्र ओळखलं असणार. पण ही माझी बायको आहे, असं लाइव्ह कार्यक्रमात सांगणार कसं?

"ताई, मौन हीसुद्धा एक भाषा असते," श्याम माइक ओढून घेत म्हणाला.

"असेल. मग नायकाने ती जरा बोलून बघावी."

रंगनाथांना हसू आवरेना. सरोजला आता चेव आला होता.

"तुमच्या घरच्यांना कसं वाटलं नाटक?"

"सगळ्यांना आवडलं."

"विचारलं होतंत?"

नमस्कार, असं म्हणून सरोजने फोन ठेवला. तिला फार बरं वाटत होतं.

ती वर पोचेपर्यंत फोन वाजायला लागले होते. रत्नागिरीचे मजीद मुकादम, सूक वाकिफच्या जुन्या बाजाराजवळचे व्यापारी, सांगत होते, "नाटकाचं राहू द्या. त्या ताईंना पुन्हा लावा." पुढच्या दोघांचंही तेच म्हणणं.

"वहिनी, ऐकलंत ना?" कार्यक्रम संपल्यावर रंगनाथ म्हणाले. "काय बाई आहेत. पुढच्या वेळी त्यांना चर्चेलाच बसवू. श्याम, नंबर दे त्यांचा."

"त्या कायमच्या भारतात परत चालल्यात," श्याम म्हणाला.

सगळे गेल्यावर तो सोफ्यावर बसला. "हे मला घरात सांगता आलं नसतं?"

"तालमीत दोनदा सांगितलं. तू म्हणालास, चहा ठेव."

आठवडाभराने त्याने नाटक पुन्हा लिहिलं आणि बायकोला चांगलं पानभर भाषण दिलं. सरोजने वाचलं. त्या पानभरात बायको नवऱ्याचे विचार किती थोर आहेत, हेच सांगत होती. तिने कागद परत केला आणि दुसरी कुणी बघ म्हणाली.

दुसरी कुणी मिळाली नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात नाटक पुन्हा झालं तेव्हा वेल्डर अविवाहित होता आणि आधीपेक्षाही जास्त बोलत होता. नंतरच्या चर्चेला सरोज दातार स्वतःच्या नावाने बसली. तिने तोंड उघडताच रंगनाथ चमकले, तिच्याकडे बघितलं, श्यामकडे बघितलं, आणि दुसरा प्रश्नही तिलाच विचारला.