पन्हळीची लांबी

"कलम सात. मळणी यंत्राची पन्हळ साठ सेंटीमीटर. कुणाची हरकत?" भिवाजीरावांनी पहिल्यांदा पुकारलं आणि चष्म्यावरून टेबलाभोवती नजर फिरवली.

कर्जतच्या भातगिरणीच्या पडवीत शेतीयंत्रांचे नियम ठरवायला बसलेल्या या सरकारी समितीत हात वर करून मतं मोजायची पद्धत नव्हती. प्रत्येक कलम तीनदा पुकारायचं. तिसऱ्यांदाही सगळे गप्प राहिले की ते मंजूर. एकानं जरी हरकत घेतली तरी मसुदा पुन्हा सगळ्यांकडे फिरायचा, आणि सरकारी कागदाची चाल कुणाला ठाऊक नाही? वर्ष सहज जायचं. इकडे भातं निसवली होती, कापणी महिन्यावर आली होती.

समितीतला रमजान मिस्त्री निवांत होता. साठचा आकडा त्याचाच. खालापूरच्या आपल्या वर्कशॉपात उभं राहून त्यानं स्वतःचा हात काखेपासून बोटांपर्यंत मोजला होता. एवढ्या लांब पन्हळीतून पेंढी सरकवली तर हात आतल्या दात्यांपर्यंत पोचत नाही, असं त्याचं गणित. समितीला ते पटलं, आणि मंजुरीची वाट न बघता त्यानं तशी चौदा यंत्रं विकलीसुद्धा. आपला आकडा छापून येणार म्हणून त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं.

"एक सूचना आली आहे," भिवाजीराव म्हणाले. "कळंबच्या गौराबाईंची, अंगठा उठवलेली. 'पन्हळ कमी पडते', एवढंच. प्रत्येक सूचनेला उत्तर द्यावं लागतं, म्हणून बाईंना बोलावलंय."

गौराबाई दारापाशी उभी होती. उजवा हात पदराखाली होता.

"बाय, दोन फुटाहून लांब हात कुनाचा हाय गं?" रमजान हसला.

"हात नाय लांब, भाई. तुमी उभ्यानं मोजला. आमी उभ्यानं पेंढी घालीत नाय."

अंगणात रमजानचं नमुन्याचं यंत्र होतं, पट्टा उतरवून बंद ठेवलेलं. सगळे बाहेर आले. गौराबाईनं एक खोकं ओढलं, त्यावर चढली, पन्हळीवर छाती टेकली आणि डावा हात आत घातला. शेवटची मूठ अडकली की बायका अशीच ढकलायच्या. मागं भारे घेऊन माणसं खोळंबलेली, मुकादमाची आरडाओरड. काठी शोधायला सवड कुठली! तिचा खांदा आत गेला. आतून दात्यावर नख वाजलं.

"उजव्या हातानं दाखवा की," भिवाजीराव म्हणाले.

"उजव्यानं काय वाजनार, सायेब?" तिनं हात पदरातून काढला. त्याला तीन बोटं नव्हती. "वैशाखात गेली. उन्हाळी भात मळताना."

"यंत्र कुनाचं?" रमजाननं विचारलं.

तिनं यंत्रावरच्या पाटीकडे पाहिलं. "अशीच पाटी व्हती."

रमजाननं पाटीवरचं आपलंच नाव वाचलं.

टेबलाशी परतल्यावर भिवाजीराव त्याच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "मिस्त्री, कागदच निघाला नाही तर काही जण बिनपन्हळीची यंत्रं विकतील. साठ तर साठ, यंदा जाऊ द्या. पुढं सुधारू."

ते खोटंही नव्हतं. दुसरा पुकारा हरकतीविना गेला.

"कलम सात. साठ सेंटीमीटर. तिसऱ्यांदा विचारतो, कुणाची हरकत?"

"हाय."

"कुणाची?"

"माझी."

"अहो, आकडा तुमचाच आहे!"

"म्हनून तर."

भिवाजीरावांनी पेनाला टोपण घातलं. "मग यंदा कागद विसरा. आणि निघेल तेव्हाही तो नव्या यंत्रांनाच लागू. विकलेल्यांचं काय?"

"ती माझी, सायेब."

रमजाननं मसुदा पालथा घातला आणि पाठीवर यंत्रं विकलेली गावं लिहायला घेतली. कळंब, पळसदरी, भिवपुरी... चौदा झाली तशी त्यानं खिशातून टेप काढला.

"बाय, परत चढता का खोक्यावर? खांद्यापासून मोजतो."

"मला मोजून काय करता?" गौराबाई म्हणाली. "आता सून घालते पेंढ्या. जनी. माझ्याहून वीतभर उंच हाय."

रमजाननं टेप गुंडाळला.

"मग उद्या कळंबलाच येतो," तो म्हणाला. "खोकं तिथलंच असू दे."