तीन फरश्या, सोप्या भाषेत

गुरुवारी ओस्टरवेरच्या धक्क्यावर मी पाण्यात पडणार होते. फेरीबोट चालवणाऱ्या बेरेंटनं मागून कोटाची कॉलर धरली म्हणून वाचले. माझं डावं पाऊल तेव्हा हवेत होतं.

"काय हिल्केबाई, पोहायचा बेत होता का?" तो म्हणाला. थट्टा करत होता, पण कॉलर त्यानं अजून सोडली नव्हती.

मी आंधळी आहे, वेंधळी नाही. धक्क्याच्या टोकाशी माझ्या पायाखाली गोल उंचवट्यांची फरशी लागली. तिचा अर्थ सगळीकडे एकच: पुढे रस्ता आहे, कानोसा घ्या आणि ओलांडा. मी कानोसा घेतला, गाडी एकही नव्हती, आणि निघाले. जिथे पुढे जमीनच नाही तिथे आडव्या कंगोऱ्यांची फरशी हवी, म्हणजे थांबा. शिवाय वाट दाखवणारी उभ्या रेघांची तिसरी. हे मला माहीत असणारच, कारण या फरश्यांचं मानक, म्हणजे देशभराची नियमावली, लिहिणाऱ्या समितीत अंधांच्या वतीनं मीच बसत होते.

बेरेंटनं मला बोटीच्या केबिनमध्ये बसवून कॉफी दिली.

"फरसबंदीवाले आत्ताच येऊन गेले," तो म्हणाला. "त्यांच्याकडे नवी पुस्तिका होती, चित्रांची. खूश होते. म्हणाले, पहिल्यांदाच काहीतरी समजलं."

ती पुस्तिका मला ठाऊक होती. आमचं मानक एवढं जाडजूड आणि रटाळ की समितीतलेसुद्धा वाचताना पेंगायचे. रस्त्यावर गुडघे टेकून विटा बसवणारा माणूस ते कशाला वाचेल? म्हणून मानक मंडळानं फेना नावाच्या हुशार मुलीला सोपी पुस्तिका लिहायला बसवलं होतं. ओस्टरवेर गावाला तिचा मसुदा वापरून बघायला दिला होता. येत्या सोमवारी पुस्तिका छापायला जाणार होती, आणि तिथून देशातल्या प्रत्येक नगरपालिकेकडे. माझ्यामागे बेरेंट होता. बाकीच्यांच्या मागे कोण असणार?

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या कचेरीत जायला मी टॅक्सी केली. ट्रामचा थांबा माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे, वाट पायाला पाठ आहे. तरी पाय उचलेना. पायाखालची फरशी खरं बोलतेय की खोटं, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की चालणं होत नाही. भिंतीला हात लावून मी दारातच उभी राहिले, आणि स्वतःचाच भयंकर राग आला.

कचेरीत प्रकाशन विभागाचा प्रमुख रुलोफ होता आणि फेना होती. रुलोफनं कॉफीबरोबर एक बिस्कीट हातावर ठेवलं आणि डब्याचं झाकण लावलं. मी धक्क्यावरचा प्रकार सांगितला. फेना रडायलाच लागली.

"तीन फरश्या कुणाच्या लक्षातच राहत नव्हत्या हो," ती म्हणाली. "गोल काय, आडवी काय, दोन्हींचा अर्थ सावध असाच ना? म्हणून मी एकच ठेवली."

"सावध होऊन ओलांडा आणि सावध होऊन थांबा, या दोन्हींच्या मध्ये माझा जीव आहे, पोरी."

"मग रद्दच करू ती पुस्तिका," रुलोफ म्हणाला. "डोक्याला ताप नको."

आता माझी पंचाईत झाली. पुस्तिका नव्हती तेव्हा काय चालायचं तेही मी भोगलं होतं. एका गावात नक्षी छान दिसते म्हणून वाटेच्या फरश्या फुलाच्या आकारात बसवल्या होत्या. त्या चौकात मी गोल गोल फिरत बसले होते.

"रद्द नको, दुरुस्त करा," मी म्हणाले.

फेनानं नाक पुसलं. "हिल्केबाई, मी समितीची जुनी टिपणं वाचली आहेत. तुमचा तो वाजणारा पत्रा घालू या का? धक्क्याला पत्रा, रस्त्याला फरशी. गफलत व्हायलाच नको."

"मानकात नाही तो," रुलोफ म्हणाला, "पण पुस्तिका आपलीच आहे. सूचना म्हणून टाकता येईल."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तो पत्रा माझी कल्पना होती. टोकाशी पोकळ बसवायचा, काठी टेकली की ढण्ण वाजायला हवा. थंडीत पाय बधिर होतात, जाड बुटातून ते कंगोरे लागत नाहीत, हे मी समितीत घसा कोरडा करून सांगितलं होतं. वाऱ्यात आवाज ऐकू येणार नाही म्हणत सगळ्यांनी मला हरवलं. अजूनही मला वाटतं की ते चुकले. आणि आता ही मुलगी माझी हार मागच्या दारानं पुसून टाकायला निघाली होती. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

पण मानकातल्या तीन फरश्याच शिकलेल्या, पत्र्याबद्दल कधी न ऐकलेल्या आंधळ्याचं काय? त्याची काठी ढण्ण वाजेल, तो गटाराचं झाकण समजेल आणि पुढे पाऊल टाकेल.

"नको," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "मानकात आहे तेच लिहा. आडवे कंगोरे."

"पण तुम्ही त्याच्या विरोधात मत दिलं होतं!"

"दिलं होतं. पुन्हा देईन, समितीत बसून. तुझ्या पुस्तिकेतून नाही."

"मग पुस्तिकेत माझं काय उरलं?" फेनानं विचारलं. तिला लागलं होतं.

"'का बसवायचं' ते उरलं. मानक नुसतं 'बसवा' म्हणतं. कुणाचा पाय कुठे पडतो म्हणून बसवायचं, ते तू सांग. चित्रं काढ, विनोद कर. फक्त नियम एकही गाळू नकोस, आणि स्वतःचा घालू नकोस. माझाही नाही."

सोमवारची छपाई पुढे ढकलली. रुलोफनं मोठा उसासा टाकला, पण छापखान्याला फोन केला.

थंडी सुरू झाल्यावर ओस्टरवेरला आडव्या कंगोऱ्यांची फरशी बसली. मी बघायला गेले, आणि पाय टेकवला तर जाड बुटातून धड काही लागेना. माझी पाचावर धारण बसली. फेरीबोट पलीकडच्या काठाला होती. तेवढ्यात रस्त्याकडून दुसरी एक काठी टक टक करत आली. पुरुषाची चाल, झपाझप, इथल्या ओळखीची नाही. ती माझ्या शेजारून पुढे गेली. मी त्याचा कोट पकडायला हात टाकला, पण मुठीत हवाच आली. पत्रा असता तर वाजला असता. हा माणूस बुडाला तर मीच बुडवला.

काठी थांबली. बूट फरशीवर घासला, एकदा, पुन्हा एकदा.

"पुढे पाणी आहे ना?" त्यानं विचारलं.

"हो," मी कशीबशी म्हणाले.

"भिकार फरशी आहे, बुटातून लागत नाही धड," तो म्हणाला. "पण आमच्या गावातही हीच भिकार फरशी आहे, म्हणून कळलं."

मी तिथेच उभी राहून हमसून रडायला लागले. तो बिचारा गोंधळून विचारत राहिला, "अहो बाई, माझं काही चुकलं का?"