बारा कलमांचा कोंबडा

माझ्या हातून आजवर झुरळाहून मोठा जीव गेला नव्हता, आणि झुरळंही बहुतेक वेळा माझी बायको नीलिमाच मारते. तरीही आषाढ लागला त्या रविवारी जेवता जेवता मी मुलीसमोर जाहीर केलं की परसातला कोंबडा मी स्वतः कापणार, तोही त्याला जराही त्रास न होता.

मुलगी म्हणजे ऋता. पुण्याला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिने मांसाहार सोडला, पण ती कोणाला उपदेश करत नाही, त्यामुळे तिच्याशी भांडताही येत नाही. त्या दिवशी मी तिसऱ्यांदा रस्सा वाढून घेत होतो, तेव्हा तिने सहज विचारलं की ही कोंबडी तुला स्वतः मारावी लागली असती तर खाल्ली असतीस का. खरं उत्तर ‘नाही’ होतं, म्हणून मी मोठ्या आवाजात ‘हो’ म्हणालो. वर हेही म्हणालो की पंधरा दिवसांनी येशील तेव्हा बघच, मला जमलं नाही तर मटण-चिकन जन्मभर बंद. नीलिमाने ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. सोमवारपासून पुढच्या रविवारच्या कोंबडीची वाट बघणाऱ्या माणसाने काय पणाला लावलंय, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

कोंबड्या आमच्याकडे आल्या त्या बनूबाईंमुळे. त्या बदलापूरच्या पलीकडच्या एका गावात शेती करतात आणि आमच्या कॉलनीत भाजी विकतात. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर मी अंबरनाथचं क्वार्टर सोडून बदलापूरला मागे अंगण असलेलं रो-हाऊस घेतलं. आमचं मोकळं अंगण बघून बनूबाईंना राहवलं नाही, त्यांनी सहा पिल्लं आणून दिली. दोन मुंगसाने नेली. उरलेल्यांत तीन कोंबड्या निघाल्या आणि एक हा तांबडा कोंबडा.

फॅक्टरीत चौतीस वर्षं मी तपासणी विभागात होतो. दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर लाल पेनाने खुणा करण्यात माझा हात कोणी धरू शकत नसे. तेव्हा हे कामही रीतसरच व्हायला हवं होतं. मी परदेशी व्हिडिओ पाहिले, टिपणं काढली आणि बारा कलमांची कार्यपद्धती तयार करून ती लॅमिनेट केली. आदल्या रात्रीपासून दाणा बंद, पाणी चालू. आजूबाजूला गोंगाट नको. सुरी वस्तऱ्यासारखी हवी. पक्ष्याला पत्र्याच्या शंकूत उलटं ठेवायचं, डोकं खालच्या छिद्रातून बाहेर, म्हणजे तो शांत होतो. आणि कलम चौथं, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: ज्या हातांनी काम करायचं, त्या हातांची पक्ष्याला आधी सवय हवी.

शंकूसाठी मी उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. कोंबडा कापायचाय हे सांगायला लाज वाटली, म्हणून धान्य भरायचं नरसाळं हवंय म्हणालो. सिंधी मालकाने ड्रॉइंग उलटसुलट पाहिलं. “साईं, नीचे का छेद बहुत बड़ा है, सब गिर जाएगा,” तो म्हणाला. मी त्याला ऐकवलं की ड्रॉइंग फायनल आहे. शेवटी तपासणी विभागातला माणूस मी होतो.

चौथं कलम मी मनापासून पाळलं. रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून कोंबड्याला पंधरा मिनिटं मांडीवर घ्यायचं, मूठभर बाजरी चारायची, मानेवरून हात फिरवायचा. पहिले तीन दिवस त्याने मला ओरबाडलं. पाचव्या दिवशी तो गप्प बसला. आठव्या दिवशी मी खुर्ची ठेवली आणि तो स्वतःहून उडी मारून वर आला. मी वहीत ‘प्रगती समाधानकारक’ असं लिहिलं. खिडकीतून बघणाऱ्या नीलिमाने पडदा ओढून घेतला.

ठरल्या रविवारी सकाळी सात वाजता नीलिमा सोडून सगळे अंगणात जमले. ऋता पायरीवर बसली. बनूबाईंना मी मुद्दाम बोलावलं होतं, शास्त्रशुद्ध पद्धत त्यांनीही बघावी म्हणून. आत मिक्सरवर वाटण चाललं होतं. मी कोंबड्याला उचललं, तो निमूट आला. शंकूत उलटा ठेवला. व्हिडिओतल्या कोंबड्या तीन-तीन किलोच्या होत्या आणि आमचा हा गावठी, काटकुळा. तो शंकूतून सरळ खाली घसरला, बादलीत पडला, बाहेर आला, पिसं सारखी केली आणि माझ्या खुर्चीवर जाऊन उभा राहिला.

ऋता हसली नाही, हे तिचे उपकार. बनूबाई मात्र पदर तोंडाला लावून बराच वेळ हसल्या. मग त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि मला कोंबड्याला मांडीवर घ्यायला सांगितलं. त्यांच्याकडे कापण्याआधी कोंबड्याच्या डोक्यावर पाणी शिंपडतात. त्याने अंग झाडलं की त्याची परवानगी मिळाली, नाही झाडलं तर थांबायचं. त्यांनी पाणी शिंपडलं. कोंबड्याने डोळे मिटले आणि मान माझ्या मनगटावर टेकली. आम्ही पाच मिनिटं थांबलो. पुन्हा पाणी, पुन्हा तेच.

“सायेब, याला तुमी पोरासारका केलाय,” बनूबाई म्हणाल्या. “तुमच्या हातात आंग नाय झारायचा तो. द्या इकडं.”

मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. मी लगेच त्यांच्या हातात दिला. त्यांनी पंखांना धरताच तो असा ओरडला की शेजारच्या गॅलरीत लोक आले. पाणी पडताच त्याने थरथरून अंग झाडलं. परवानगी मिळाली होती. बनूबाईंनी सुरीसाठी हात पुढे केला. कोंबडा मान वळवून ओरडतच राहिला, माझ्याकडे बघून. ते मला ऐकवेना. पण ऐकवत नाही म्हणून मी आत गेलो असतो, तर तो तसाच ओरडत मेला असता.

मी त्याला परत घेतलं. माझ्या हातात येताच तो गप्प झाला. मी खुर्चीत बसलो, मानेवरून हात फिरवला, आणि केलं. सुरी चांगली होती. त्याने एकदाही आवाज काढला नाही. बनूबाईंनी मान हलवली आणि एवढं साफ काम त्यांच्या नवऱ्यालाही कधी जमलं नाही म्हणाल्या. बारा कलमांपैकी शंकूचं सोडून सगळी यशस्वी झाली होती. मी नळाखाली हात धुवायला गेलो आणि बराच वेळ धूत राहिलो. मला रडू येत होतं, आणि एका कोंबड्यासाठी रडणारा निवृत्त अधिकारी कॉलनीला दिसू नये म्हणून मी तोंडही धुतलं.

दुपारी नीलिमाने वाढलं. मी जेवलो. पैज जिंकली होती, आणि खोटं कशाला सांगू, रस्सा उत्तम झाला होता. दोनच फोडी खाल्ल्या, तिसरी मागितली नाही.

ऋता समोर वरणभात खात होती. ती हळूच म्हणाली, “बाबा, तू हरला असतास तरी मी काही बोलले नसते. पण त्याला खरंच काही कळलं नाही.”

“हो,” मी म्हणालो. “पुढच्या वेळी बनूबाईंनाच देणार.”

“पण त्यांच्याकडे तो किती ओरडत होता.”

“ओरडू दे,” मी म्हणालो. “निदान आपण कोणाच्या हातात आहोत, हे तरी त्याला कळेल.”