पायावर पाय

परका मेजर पहिल्यांदा दुलमाच्या गेरमध्ये, तिच्या गोल लोकरी तंबूत आला, तेव्हा त्याला मानाची जागा मिळाली. मिळणारच. शांतिसेनेत जाणाऱ्या इथल्या शिपायांना शिकवायला इथलेच शिक्षक तयार व्हावेत, म्हणून त्याचा देश एका वर्गावर पैसा ओतत होता, आणि त्या वर्गासाठी दुलमाचा ओचिर निवडला गेला होता. शिक्षक झाला की तो छावणीत राहणार, मोहिमेवर दुसरे जाणार. सून नोमिनचे पाय त्या दिवशी जमिनीवर नव्हते.

मेजरनं घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा दोन्ही हातांनी घेतला आणि तोंड वाकडं न करता संपवला. दुलमाला बरं वाटलं. पण निघताना त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं आणि तो मागं सरला तो थेट दुलमाच्या पायावर. सगळे हसत सुटले. दुलमा तेवढी थांबून राहिली. ज्याचा पाय पडला त्यानं लगेच समोरच्याचा हात हातात घ्यायचा, नाहीतर वैर धरलं जातं. शेंबड्या पोरालाही हे कळतं. मेजर कपाळ चोळत गाडीत बसला आणि गेला.

"त्याच्या पैशाचं शिक्षण आपल्याला नको," दुलमानं त्याच दिवशी सांगून टाकलं.

"आई, त्यांच्याकडं ही रीतच नाही गं."

"रीत ठाऊक नाही, आणि निघालेत जगाला भांडणं मिटवायला शिकवायला!"

"मी उद्या सांगतो ना त्याला."

"खबरदार! सांगून मिळालेला मान मला नको. तोंड उघडलंस तर या गेरचा उंबरा ओलांडू नकोस."

ओचिर सार्जंट होता. शिपाई त्याला टरकत. पण आईपुढं त्याची मान कधी वर झाली नव्हती. त्यानं वर्गातून नाव काढून घेतलं, आणि पुढच्या तुकडीबरोबर त्याला दक्षिण सुदानला जावं लागलं. वाट सुखाची व्हावी म्हणून दुलमानं गाडीमागं लाकडी पळीनं दूध शिंपडलं.

"मेजरचा पाय पडला तुमच्या पायावर," नोमिन म्हणाली, "आणि पायपीट आमच्या माणसाला."

"जीभ आवर!" दुलमा म्हणाली. पण रोजच्यासारखा जोर नव्हता त्यात.

ओचिर जिवंत परत आला. छावणीच्या फाटकाशी स्फोट झाला होता, त्यात उजवा कान कायमचा गेला. अशा माणसाला शिक्षक कोण करणार? सैन्यानं त्याला कांबळ्यांच्या कोठारावर बसवलं. तो आईला कधी टोचून बोलला नाही. भांडला असता तर दुलमानं दोन हात केले असते. तो नुसता "बरं" म्हणायचा. जेवतोस? बरं. मेंढ्या बघून येतोस? बरं.

पुढच्या उन्हाळ्यात मेजर ओचिरला भेटायला आला. या खेपेला दारात नीट वाकला. चहा देणाऱ्या नोमिनच्या बुटाला त्याचा बूट जरासा लागला, तसा त्यानं वाडगा खाली ठेवून तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" दुलमानं विचारलं.

"वर्गातल्या तुमच्याच पोरांनी," तो मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला. "आधी किती जणांना तुडवलं असेन, देव जाणे. मला कुणी सांगितलंच नाही!"

दुलमानं चुलीत शेणी सारली. धूर झाला, ते बरंच झालं.

"यंदा वर्ग आहे ना?" तिनं विचारलं.

"शेवटचा झाला, आजी. आमच्या सरकारनं पैसा थांबवला."

मेजरची गाडी गेली. ओचिर दाराशी बसून बूट चढवत होता. दुलमा त्याच्या उजव्या अंगाला उभी राहिली आणि तिनं त्याच्या पावलावर सगळा भार देऊन पाय ठेवला. मग हात पुढं केला. आजवर तिनं आपणहून हात पुढं केला नव्हता.

"आई, मुद्दाम दिलास पाय."

"डोळे तरी शाबूत आहेत म्हणायचे. धर."

त्यानं हात धरला. दुलमा खाली वाकून हळूच काहीतरी बोलली.

"काय म्हणालीस?"

सुटायची संधी होती. दुलमा वळसा घालून त्याच्या डाव्या अंगाला गेली आणि तेच पुन्हा बोलली, "चुकलं माझं."

ओचिरनं दुसरा बूट ओढून चढवला.

"बरं," तो म्हणाला.