सशाचा कान आणि सूनबाईचा अंगठा

सूनबाईला कागदाचं वेड लहानपणापासूनचं. बसचं तिकीट हातात पडलं की उतरायची वेळ येईपर्यंत त्याची होडी झालेली असायची. लग्नाआधी होणाऱ्या नवऱ्याशी पहिल्यांदा बोलायला ती हॉटेलात गेली, तेव्हा चहा येईपर्यंत समोरच्या कागदी रुमालाचा बेडूक झाला होता. नवरा अजून सांगतो, "मी हिला नाही, त्या बेडकाला होकार दिला."

पुढे ती बालवाडीत शिकवायला लागली. वर्गातल्या पोरांसाठी तिने केलेले कागदाचे प्राणी कुणीतरी पाहिले, ते एका प्रकाशकापर्यंत पोचले, आणि सूनबाईच्या गळ्यात पुस्तक पडलं. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांनी आपापलं वाचून करायचे बारा प्राणी. चित्रं तिनेच काढली, मजकूर तिनेच लिहिला. सगळं पाठवून ती जरा पाय पसरते न पसरते तोच संपादिकाबाईंचा फोन आला.

"चित्रं सुरेख, मजकूर सुरेख. आता एकच काम. ज्याने जन्मात कागदाला घडी घातली नाही अशा माणसाकडून बाराच्या बारा प्राणी करून घ्या. तुम्ही शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही."

असा माणूस आणायचा कुठून? मुलगी मुंगी सहा वर्षांची, वयाने अगदी योग्य. पण ती आईच्या मांडीवर बसून घड्या शिकलेली, तिला मजकूर वाचायची गरजच नव्हती. नवरा कामावरून आला की सोफ्यावर आडवा. राहिले नाना.

नाना म्हणजे सूनबाईचे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. बोटं अशी जाड, की शर्टाचं वरचं बटण लावायला दोन मिनिटं लागायची. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हापासून नाना खिडकीशेजारच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र आधी पुढून मागे वाचायचे आणि मग मागून पुढे. सूनबाईचं आणि त्यांचं कधी वाकडं नव्हतं. पण बोलणंही नव्हतं. "जेवायला वाढलंय." "आलो." एवढ्यावर दिवस जायचा.

"नाना, एक काम होतं," सूनबाई चाचरत म्हणाली.

सगळं ऐकून नानांनी चष्मा काढला. "माझे हात पान्याचे आहेत. त्यांना कागदाचं काय कळणार?"

"म्हणूनच तर तुम्ही हवे आहात."

हे कौतुक आहे की काय, याचा नानांनी थोडा विचार केला. मग ते उठले आणि जेवणाच्या टेबलापाशी येऊन बसले. कानावर पेन्सिल अडकवली, सूनबाईच्या मजकुराचा गठ्ठा पुढे ओढला आणि म्हणाले, "एक सांगून ठेवतो. लिहिलंय तेवढंच करणार. आमच्या कामात मनाचं करणारा माणूस खड्ड्यात जातो. खरोखरच्या खड्ड्यात."

पहिला होता कुत्रा. कुत्र्यासारखा सोपा प्राणी नाही, तीन वर्षांची पोरंही करतात. नानांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली. "'कागदाला मधोमध घडी घाला.' आडवी की तिरकी?"

सूनबाईने ओठ घट्ट मिटून घेतले.

"मी विचारतोय."

"मला बोलायची मनाई आहे, नाना."

"मग लिहिताना बोलायचं होतं," असं म्हणून नानांनी आडवी घडी घातली. हवी होती तिरकी. दोन पायऱ्यांनंतर त्यांच्या हातात एक पाकीट होतं. मुंगीने ते उचललं, सगळीकडून पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, कुत्रा आत आहे का?"

दुसऱ्या खेपेला तिरकी घडी झाली, आणि पुढची ओळ आली, "कागद उलटा करा." नानांनी वरचं टोक खाली आणि खालचं वर केलं. सूनबाईला हवं होतं की कागदाची मागची बाजू वर यावी. ती खुर्चीत चुळबुळली. नानांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"काय चुकलं?"

"उलटा म्हणजे... मागची बाजू वर."

"मग त्याला पालथा म्हणतात. उलटा म्हणजे डोकं खाली, पाय वर. पालथा म्हणजे पोटावर."

मुंगी लगेच फरशीवर पोटावर झोपली. "ही मी पालथी!" मग तिने भिंतीला पाय लावून डोक्यावर उभं राहायचा प्रयत्न केला आणि धप्पकन पडली. "आणि ही उलटी!"

सूनबाई हसू दाबता दाबता बेजार झाली. पण तिने पेन उचललं आणि बाराही धड्यांत जिथे जिथे 'उलटा' होतं तिथे 'पालथा' केलं. सतरा जागा निघाल्या.

तिसऱ्या दिवशी चित्रच बदललं. सकाळी सूनबाई टेबलावर यायच्या आधीच नाना तिथे हजर. हात धुतलेले, पेन्सिलला टोक केलेलं, कागद रंगांप्रमाणे लावून ठेवलेले. कुत्रा झाला, मांजर झालं, कासव झालं. घुबडाला एक कान कमी पडला, पण मुंगीने त्याला तसंच दत्तक घेतलं. समासात नानांच्या नोंदी वाढत चालल्या. 'कोणती कड?' 'किती खाली? बोटभर म्हणजे कोणाचं बोट?' या शेवटच्या नोंदीखाली त्यांनी आपलं आणि मुंगीचं बोट शेजारी ठेवून दोन्हींच्या बाह्यरेषा काढल्या होत्या. सूनबाईच्या लक्षात आलं, तीन दिवसांत नाना जितके बोलले तितके दोन वर्षांत बोलले नव्हते.

आणि मग आला ससा.

ससा हा पुस्तकाचा मानकरी, मुखपृष्ठावर तोच होता. पाच पायऱ्या नानांनी सुरळीत पार पाडल्या. सहावी होती, "कान वर उचला आणि दाबून सपाट करा." नानांनी कान उचलला, दाबला. कान आपला सपाट त्रिकोण होऊन बसला. चित्रात कसा तो होडीच्या शिडासारखा फुगून दोन्हीकडे पसरलेला. नानांनी घड्या उलगडल्या, पुन्हा केलं. पुन्हा त्रिकोण. चौथ्या सशाला त्यांनी कडेला सरकवलं आणि म्हणाले, "चित्र चुकलंय."

"चित्र बरोबर आहे, नाना."

"मग मजकूर चुकलाय."

शुक्रवारपर्यंत सगळं पाठवायचं होतं, आणि आज बुधवार. सूनबाईने हा ससा शेकडो वेळा केला होता, डोळे मिटूनही केला असता. सकाळपासून तिचं डोकं दुखत होतं, त्यात संपादिकाबाईंचे दोन फोन येऊन गेले होते. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बालवाडीतल्या पोरांना जमतं हो नाना, त्यात काय एवढं!"

नानांनी पेन्सिल कानावरून काढून टेबलावर ठेवली, चारही ससे एकावर एक रचले, आणि आपल्या खोलीत निघून गेले. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी ते हळूच लोटलं.

"आई," मुंगी म्हणाली, "तू आजोबांना 'ढ' म्हणालीस?"

"नाही गं."

"तसंच वाटलं."

बोललेला शब्द काही कागदाची घडी नव्हे, उलगडून परत सरळ करायला. सूनबाईने चहा केला, तो घेऊन खोलीच्या दाराशी उभी राहिली, आणि हात वर करूनही तिला दार वाजवता येईना. शेवटी दार आतूनच उघडलं.

"चहा तिथे टेबलावर ठेव," नाना म्हणाले. "मी तिकडेच येतोय. आता तू कर ससा, मी बघतो. पण लिहिलंय तेवढंच करायचं."

"नाना, मघाशी मी..."

"आधी ससा."

ती बसली. नाना एकेक ओळ वाचत गेले आणि ती करत गेली. सहावी ओळ आली. "'कान वर उचला.'" तिने उचलला. "'आणि दाबून सपाट करा.'" तिने दाबला, आणि कान झोकात पसरला.

"बघा," सूनबाई म्हणाली.

"बघितलं," नाना म्हणाले. "हा अंगठा कोणी सांगितला?"

"कुठला अंगठा?"

"पुन्हा कर. मुंगे, इकडे ये. आईचा उजवा अंगठा धर. सोडायचा नाही."

मुंगीने दोन्ही हातांनी आईचा अंगठा असा पकडला जसा काही तो पळून जाणार होता. सूनबाईने उरलेल्या बोटांनी कान उचलला आणि दाबला. सपाट त्रिकोण. तिचा विश्वास बसेना. पुन्हा केलं. त्रिकोणच. दाबायच्या आधी तिचा अंगठा गुपचूप कानाच्या आत शिरत होता आणि आतला कप्पा उघडत होता. इतकी वर्षं. तिच्या हाताला ते माहीत होतं, पण तिला माहीत नव्हतं, आणि मग कागदावर कुठून येणार?

"बालवाडीतली पोरं तुझ्या हाताकडे बघून करतात," नाना म्हणाले. "हे पुस्तक घेणाऱ्या पोरांसमोर तुझा हात नसणार."

सूनबाई हसायला गेली आणि डोळ्यांत पाणीच आलं. "चुकलं माझं, नाना. मजकुरातही, आणि मघाशी बोलताना पण."

"बोलण्याचं सोड." नानांनी चहाचा घोट घेतला. तो केव्हाच गार झाला होता, तरी त्यांनी तो संपवला. मग म्हणाले, "आमच्या दुरुस्तीच्या पुस्तकात एकदा एक ओळ राहून गेली होती. 'आधी मेन स्विच बंद करा.' लिहिणाऱ्याला वाटलं असेल, एवढं काय सांगायचं, कुणालाही कळतं. माझ्या जोडीदाराला नाही कळलं. नवा होता. जीव वाचला, पण हात कामातून गेला. तुझ्या सशाने कुणाचा हात जाणार नाही, मला कळतं. पण एखादं पोर चार ससे बिघडवून म्हणेल, आपण ढ आहोत. तेही काही बरं नाही."

नानांनी हे घरात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही माहीत नव्हतं, हे तिला संध्याकाळी त्याला विचारल्यावर कळलं.

गुरुवारी मुंगीची नेमणूक अंगठ्यावर झाली. सूनबाईने बाराही प्राणी मुंगीच्या कैदेत राहून, नानांच्या तोंडून एकेक ओळ ऐकत पुन्हा केले. बोटांनी परस्पर उरकलेल्या आणखी नऊ गोष्टी सापडल्या. कुठे फुंकर, कुठे नखाने ओढलेली रेघ, तर कुठे नुसतं कागदाला जरा सैल सोडणं. सगळ्या लिहून काढल्या. मजकूर दोन दिवस उशिरा गेला. संपादिकाबाई आधी कुरकुरल्या, पण नंतर त्यांचा फोन आला, की त्यांनी स्वतः ससा केला आणि तो पहिल्याच फटक्यात जमला.

पुस्तक आलं. मुंगीचं ते शाळेत, शेजारी आणि दूधवाल्याला दाखवून झालं. त्यानंतर साधारण महिन्याने प्रकाशकाकडून एक जाड पाकीट घरी आलं. आत एका सात वर्षांच्या मुलीचं पत्र होतं. अक्षर डोंगर चढून उतरणारं. 'मला मासा जमत नाही. आई म्हणते कंटाळू नकोस. पण मी कंटाळले आहे. तो मासा सोबत पाठवत आहे.' आणि खरोखर सोबत एक निळा चुरगळलेला कागद होता, ज्याला मासा म्हणायला मन मोठं लागलं असतं.

नानांनी तो दिव्याखाली नेला, हळूहळू उलगडला आणि एकेका घडीवरून बोट फिरवत राहिले. सूनबाई त्यांच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली.

"चौथ्या घडीपर्यंत एकदम चोख आहे," नाना म्हणाले. "पाचवीला शेपटी डावीकडे न्यायच्याऐवजी उजवीकडे गेली. बहुतेक डावखुरी असणार. बाकी हात चांगला आहे पोरीचा."

"हे तिला कळवायला हवं."

"कळव की."

"तुम्हीच लिहा."

नानांनी आढेवेढे घेतले, माझं अक्षर वाईट म्हणाले, पेन सापडत नाही म्हणाले, आणि मग सकाळभर बसून लिहिलं. डावखुऱ्या हाताने मासा कसा करायचा ते पायरीपायरीने, शेजारी बाणांची चित्रं. वर सुरुवातीलाच होतं, 'तुझ्या पहिल्या चार घड्या माझ्या पहिल्या चार घड्यांपेक्षा चांगल्या आहेत.' सूनबाईने ते वाचलं, एका शब्दालाही हात लावला नाही, आणि दोघं मिळून पत्र पेटीत टाकून आले. जाताना नानांनी पत्ता दोनदा तपासून घेतला.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. पाकिटात फक्त एक निळा मासा होता, नीट झालेला, दोन्ही डोळे एकाच बाजूला काढलेला. नानांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला, चपला घातल्या आणि खालच्या न्हाव्याच्या दुकानात त्याला दाखवायला गेले. दाढी सकाळीच झालेली होती.