सातव्या नावाची जागा

"गुर्जी, मधी मधी बोलू नका. पोरगी सांगून राहिली ना!" जिवनबाईनं मला भरल्या वर्गासमोर झापलं.

मला राग आलाच. सेनगावाजवळच्या या तांड्यावर मी चौतीस वर्षं मास्तरकी केली. त्यातली तेरा वर्षं ही बाई शाळेत खिचडी शिजवायची आणि माझ्यापुढं ब्र काढत नसे. पण आज तिचा दिवस होता. तिची नात दिपा कझाकस्तानात, अल्माटीला डॉक्टरकी शिकते. सुटीत घरी आली, म्हणून मीच तिला पोरांशी बोलायला बोलावलं होतं. मला वाटलं, बर्फ, विमान असलं काहीबाही सांगेल.

पोरीनं सुरुवात केली तिथल्या घरमालकिणीपासून, झानारआजीपासून.

"झानारआजीची माणसं मेंढ्या-घोडे घेऊन फिरायची. आधी रशियाच्या बादशहानं कुरणं घेतली. मग कम्युनिस्ट आले. सगळं सगळ्यांचं म्हणाले अन् जनावरं हाकून नेली. फिरू नका, एका जागी बसा म्हणाले. लोक बसले अन् उपाशी मेले, लाखांनी. दवाखाने, शाळाही त्यांनीच काढल्या, हे पण आजी सांगते. पण शाळेत कझाक बोललं की बाई उभं करायच्या. लिपी दोनदा बदलली. आजीच्या आजोबांची वही अरबी अक्षरांत, तिच्या आईची शाळा रोमन अक्षरांत, आजीची स्वतःची रशियन अक्षरांत. वही घरात आहे, वाचता कोणालाच येत नाही."

"अगं बाई! ही तर आपलीच गोष्ट," जिवनबाई म्हणाली. "आपले बी बैल होते, मिठाच्या गोन्या होत्या. रेल्वे आली, धंदा गेला, अन् वरून इंग्रज सरकारनं आपल्यालाच चोर म्हनून लिवलं. मंग तिच्याकडं ऱ्हायलं काय?"

"नावं, दादी. सात पिढ्यांच्या बापजाद्यांची नावं तिथं तोंडपाठ लागतात. आजीनं मला पहिल्याच दिवशी विचारली. मला दोनच आली. लई लाज वाटली."

जिवनबाई उठली. पदर खोचला, फळ्याजवळ आली आणि गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, पिढ्यांची नावं सांगू लागली.

"मराठीत!" माझ्या तोंडून गेलंच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

ती गर्रकन वळली. "काहून? माझा जगन, हिचा बाप, वर्गात आईला 'याडी' म्हनला तर तुमी छडी मारली. लेकरू सुजलेला हात घेऊन घरी आलं. त्याच भ्यानं खिचडी वाढताना बी मी लेकरांशी मुकी ऱ्हायले. आता न्हाई. घ्या खडू. मी सांगते, तुमी लिवा!"

मी खडू घेतला. जगन. धर्मसिंग. शंकरसिंग. उत्तमसिंग. थावरा. हेमला. एकेका नावाला पोरं ओरडत होती.

सातव्याला ती अडली.

"ह्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली. तिचा नवरा धर्मसिंग गेल्या साली वारला.

माझा हात फळ्यावरच राहिला. धर्मसिंग जगनचं नाव घालायला आला होता, तो दिवस आठवला. टेबलासमोर ताठ उभं राहून त्यानं सातही नावं घडाघडा म्हटली होती. "बापाचं पुरे. बाकीच्यांना काय पहिलीत बसवायचंय?" असं म्हणून मी हसलो होतो. पोरापुढं बापाचं एकच लिहिलं.

"बाई, मी ऐकलं होतं," मी म्हणालो. "सातवं नाव त्यानं मला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही."

मला वाटलं, आता शिव्या बसतील. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सातचा आकडा टाका," ती म्हणाली. "म्होरं जागा सोडा. पुसायची न्हाई कोनी."

मी आकडा टाकला.

"आता म्हना. पोरांसंगं."

मी पोरांच्या ओळीत जाऊन उभा राहिलो. सहा नावं म्हटली. सातव्याला सगळा वर्ग गप्प झाला. जिवनबाईनं तेवढं थांबू दिलं, मग टेबलावरची पट्टी घेऊन जगनच्या नावावर ठेवली अन् म्हणाली, "पुन्यांदा."